ऐंशीला अडीचशे

आमच्या कारखान्यात मोरचूद बनतं. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत निळे निळे खडे असतात ना, तेच. तांब्याचं काळं ऑक्साइड, सल्फ्युरिक ॲसिड आणि पाणी. टाकीत घालायचं, तापवायचं, गाळायचं आणि उथळ हौदांत तीन-चार दिवस निवू द्यायचं. खडे आपोआप धरतात. ऐकायला एवढंच आहे, पण यात माझी एकोणीस वर्षं गेली आणि दोन ॲप्रन सोडले तर सगळे जळाले.

वाळवणीच्या खोलीच्या दाराशी एक फळा आहे. ती सासऱ्यांची शिस्त. जो बॅच लावेल त्याने आधीच फळ्यावर आकडा लिहायचा, किती किलो माल निघेल तो. माल वाळून काट्यावर चढला की त्याखाली खरा आकडा यायचा. दोन्ही आकडे पुढची बॅच लागेपर्यंत पुसायचे नाहीत. येणारा-जाणारा वाचतो, चुकलं तर हसतो. सासरे म्हणतात, आधी बोलून दाखवायची हिंमत नसेल त्याने टाकीला हात लावू नये. एकोणीस वर्षं त्या फळ्याचा खडू माझ्या ॲप्रनच्या खिशात होता.

माझा हिशेब सरळ होता. ऑक्साइडच्या तिप्पट. टाकीत ऐंशी किलो जातं, म्हणून फळ्यावर दोनशे चाळीस. हे मला कुणी शिकवलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर प्रत्येक बॅच वहीत मांडत गेले आणि मीच शोधून काढलं. दोनशे एकोणचाळीस, दोनशे एक्केचाळीस, क्वचित दोनशे अडतीस. सासरे चारचौघांत म्हणायचे, "आमच्या थोरलीच्या डोळ्यात काटा बसवलाय." बारावीला रसायनशास्त्रात मला पस्तीस मार्क होते, तेही काठावर. त्यामुळे या वाक्याची किंमत मलाच ठाऊक.

मग धाकटी आली. म्हणजे माझी जाऊ. घरात दोन वर्षांपूर्वीच आली होती, तेव्हा मला तिचं काही वाटलं नव्हतं. भाजी खारट करायची, कपडे उलटे वाळत घालायची, मी मनातून खूश होते. पण सहा महिन्यांपूर्वी तिने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि कारखान्यात यायला लागली. एम.एस्सी. तीही रसायनशास्त्रात.

पहिल्याच दिवशी फळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, तिप्पटच का?"

"कारण तिप्पटच येतं."

"हो, पण का येतं?"

आता काय सांगणार? सूर्य उगवतो तर का उगवतो असं कुणी तोंडावर विचारल्यासारखं ते. मी म्हटलं, "तूच सांग बाई."

आणि तिने सांगितलं. तिथेच, ऑक्साइडच्या रिकाम्या पोत्यावर पेन्सिलीने. ऐंशी किलो ऑक्साइडला शुद्ध ॲसिड लागतं अठ्ठ्याण्णव किलो, त्याहून कमी नाही, जास्त नाही. आणि त्यातून मोरचूद व्हायला हवं अडीचशे किलो. ऐंशी, अठ्ठ्याण्णव, अडीचशे. पोतं चाळीसचं असो की दोनशेचं, हे प्रमाण हलत नाही.

मला वाटलं, सापडली. "ऐंशी आणि अठ्ठ्याण्णव मिळून एकशे अठ्ठ्याहत्तर होतात," मी म्हटलं. "वरचे बहात्तर किलो काय तुझ्या माहेरहून आले?"

ती खळखळून हसली. "वहिनी, काय नेमका प्रश्न विचारलात! ते पाणी. प्रत्येक खड्यात पाणी अडकून बसलेलं असतं, म्हणून तर तो निळा दिसतो. खडा तापवून पाणी काढलं की पांढरी पूड उरते."

मला पहिलीतल्या मुलीसारखी शाबासकी मिळाली होती. आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की टाकीत घातलं त्याहून जास्त निघतं यात माझ्या हाताचाही काही गुण असावा. तर ते बहात्तर किलो पाणी होतं म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण चेहरा हसरा ठेवला, तो मला जमतो.

तेवढ्यावर थांबली असती तरी मी माफ केलं असतं. पण तिने विचारलं, "अडीचशे यायला हवेत आणि दोनशे चाळीस येतात, मग दहा किलो जातात कुठे?" आठवडाभर ती हातात काचेची नळी घेऊन कारखानाभर फिरली. हौदात बघ, गाळणीच्या फडक्यात बघ, गटारात बघ. शेवटी सापडले. टाकी आणि हौद धुतले की जे निळसर पाणी निघतं ते मी मागच्या चुन्याच्या खड्ड्यात ओतत असे. ते दहा किलो त्या पाण्यात होते. धाकटी म्हणाली, हेच पाणी पुढच्या बॅचला वापरू. वापरलं. तिने फळ्यावर दोनशे अठ्ठेचाळीस लिहायला लावलं, काट्यावर आले दोनशे सत्तेचाळीस. त्याच्या पुढच्या वेळी बरोबर दोनशे अठ्ठेचाळीस.

सासरे फळ्यासमोरून हलेचनात. "दर बॅचला दहा किलो! आणि आपण एकोणीस वर्षं खड्ड्यात ओतत बसलो!"

आपण म्हणाले, मोठं मन. पण ओतणारे हात कुणाचे होते ते सगळ्यांना माहीत होतं. काटेवाले काका तर माझ्याकडे बघून चक्क चष्मा पुसायला लागले.

घरी तरी बरं असावं? माझी लेक दहावीला. पूर्वी अभ्यास घेऊन माझ्याजवळ बसायची, मला येत नसलं तरी बसायची. आता संध्याकाळ झाली की काकूच्या खोलीत. एकदा बाहेर येऊन मलाच शिकवायला लागली. "आई, सोपं आहे गं. सायकल बनवायची तर एका सीटला दोन चाकं लागतात. तुझ्याकडे दहा सीट आहेत आणि चाकं बाराच, तर सायकली किती?"

"सहा."

"बरोबर! चार सीट पडून राहणार. जे आधी संपतं ते ठरवतं. काकू म्हणते, केमिस्ट्री म्हणजे एवढंच. काकू किती मस्त समजावते ना?"

"मस्तच," मी म्हटलं आणि कणीक अशी तिंबली की आमचे हे स्वयंपाकघरात डोकावले. "काय गं, कुणाला बडवतेयस?"

"कुणाला नाही. तुम्ही टेम्पो धुवा जाऊन."

मत्सर म्हणतात तो हाच हे मला कळत होतं. मी काही दुधखुळी नाही. ती वाईट असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. ती वहिनी-वहिनी करत मागे यायची, माझ्यासाठी रबरी हातमोजे माझ्या मापाचे शोधून आणायची. माझ्या डोळ्यांत तेच खुपायचं. शेहेचाळीस वर्षांच्या बाईने अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचा हेवा करावा, तोही तिच्या अक्षराचा, तिच्या पेन्सिलीचा, ती मान तिरकी करून विचार करते त्या मानेचा. लाज वाटायची. पण लाज वाटून हेवा कमी होतो असं मला तरी दिसलं नाही.

मग त्या गुरुवारी चहाच्या वेळी सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "माझे गुडघे आता ऐकत नाहीत. पुढच्या महिन्यापासून मी रोज येणार नाही, फक्त शनिवारी वही बघायला येईन. सोमवारची बॅच धाकटीने एकटीने लावायची. तिचा आकडा जुळला की खडू तिच्याकडे. थोरलीने फार वर्षं ॲसिडाच्या वाफा खाल्ल्या, तिने आता जरा बसून काम करावं."

बसून काम म्हणजे पिशव्यांना लेबलं चिकटवणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटी एकटी म्हणाली, "बाबा, वहिनींच्या शिवाय मला नाही जमणार." हेही तिनेच म्हणायचं! मी म्हटलं, "जमेल गं. तुला काय जमत नाही?" आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. तोंड भाजलं.

सोमवारी नवे ॲसिडचे कॅन आले होते. नेहमीचेच निळे कॅन, नेहमीचंच लेबल, अठ्ठ्याण्णव टक्के. धाकटीचा हिशेब तयार होता. शुद्ध ॲसिड अठ्ठ्याण्णव किलो हवं, म्हणजे कॅनमधलं शंभर किलो. बॅच तिची असली तरी ओतायचं काम माझंच, कारण कॅन तिरका करायची ती लोखंडी चौकट माझ्याशिवाय कुणाला नीट झुलवता येत नाही. खाली काट्यावर टब. धाकटी काट्याच्या आकड्याकडे बघत उभी, मी धारेकडे.

कॅन झुलवला आणि मला कळलं.

हलका होता. ॲसिड अंगाने जड असतं, भरलेला कॅन पुढे झुकताना खांद्याला सांगतो. आणि धार! चांगलं ॲसिड तेलासारखं सुस्त पडतं, वळ पडल्यासारखं. हे पाण्यासारखं भळभळत आलं. दुसरा कॅन नेहमी निम्म्यावर थांबतो, आज शंभर किलो भरेपर्यंत त्यात जेमतेम पाव उरलं. सहा वर्षांपूर्वी एकदा असंच पातळ ॲसिड आलं होतं, तेव्हा पहिल्या धारेलाच मी ओरडले होते आणि सगळे कॅन परत पाठवले होते.

नंतर टबातलं ॲसिड थोडं थोडं टाकीतल्या पाण्यात सोडलं. एरवी पाणी कसं तापतं, सुस्कारे टाकतं, मुखवट्याच्या काचेवर वाफ धरते. त्या दिवशी नुसतं कोमट झालं.

माझ्या पद्धतीत याने काही बिघडलं नसतं. मी काटा बघत नसे, टाकीतलं काळं ऑक्साइड विरघळून दिसेनासं होईपर्यंत ॲसिड घालत असे. पण धाकटीची पद्धत मोजून होती. शंभर म्हणजे शंभर. आणि तिच्या शंभरात अठ्ठ्याण्णव नव्हते. चाकं कमी पडणार होती.

तिने हातमोजे काढले, खडू उचलला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, सगळं नेहमीसारखं आहे ना?"

तिने विचारलं. हे मी कितीही वेळा आठवलं तरी बदलत नाही. तिने विचारलं आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"हो," मी म्हटलं. "अगदी तुझ्या हिशेबाप्रमाणे."

तिने फळ्यावर लिहिलं, दोनशे अठ्ठेचाळीस. काय ते सुबक अक्षर.

संध्याकाळी गाळणीचं फडकं उचलायला दोन माणसं लागली. त्यात काळा गाळ भरला होता, न विरघळलेलं ऑक्साइड, वीसएक किलो तरी. धाकटीचा चेहरा उतरला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत झाला. तिने घाईघाईने म्हटलं, "बाबा, गाळात अजून ॲसिड घालते, निघेल सगळं."

"गाळ पुढच्या बॅचला वापर, वाया काही जात नाही," सासरे म्हणाले. "पण फळ्यावर लिहिलंय ना? आता जे येईल ते येईल."

शुक्रवारी माल वाळला. काटेवाले काकांनी शेवटची पिशवी चढवली, दोनदा बेरीज केली आणि हळूच म्हणाले, "एकशे नव्वद."

अठ्ठावन्न किलोचा फरक. एकोणीस वर्षांत त्या फळ्यावर असा आकडा पडला नव्हता. कुणी हसलंही नाही. धाकटीने स्वतः खडू घेऊन खाली एकशे नव्वद लिहिलं, त्याच सुबक अक्षरात, आणि म्हणाली, "चूक माझी आहे बाबा. मी लेबलवर विश्वास ठेवला, ॲसिड तपासलं नाही."

सासऱ्यांनी तिच्या हातातून खडू घेतला आणि माझ्या हातात ठेवला. "राहू दे थोरलीकडेच. पुस्तकातलं बरं असतं, पण टाकीला डोळे लागतात."

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, तेही सगळ्यांच्या समोर. मी खडू खिशात टाकला. धाकटी तिच्या टेबलाशी जाऊन बसली.

थोड्या वेळाने मी मुद्दाम तिथून गेले. जरा मलमपट्टी करावी असं मनाला सांगितलं, पण खरं तर तिची उतरलेली मान जवळून बघायची होती. ती रडत नव्हती. वही उघडून उलटा हिशेब करत होती. "बघा ना वहिनी. अडीचशे मोरचुदाला अठ्ठ्याण्णव ॲसिड लागतं, तर एकशे नव्वदला किती? साडेचौऱ्याहत्तर. म्हणजे त्या शंभर किलोत खरं ॲसिड पंचाहत्तरच्या आसपास होतं. पुरवठादाराने चुकीचं लेबल लावलंय. बाकी पाणी." ती तोंडावर हात फिरवत म्हणाली, "मी आकड्याकडे बघत बसले. वहिनी, पंचाहत्तर टक्क्याचं ॲसिड नुसतं बघून ओळखता येतं का हो?"

किती दिवसांनी तिने मला असं काही विचारलं होतं जे तिला येत नव्हतं आणि मला येत होतं! मी टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले.

"न ओळखायला काय झालं?" मी म्हटलं. "अगं, कॅन झुलवतानाच कळतं. भरलेला कॅन पुढे येतो तो खांदा ओढत येतो. हा आला उडत. आणि धार बघायची. चांगलं ॲसिड कसं, तेलासारखं, सुस्त. हे भळाभळा पडतं, पडल्यावर शिंतोडे उडतात. शिवाय दुसरा कॅन कुठे थांबतो ते बघायचं. नेहमी निम्म्यावर, यावेळी पावावर गेला होता. आणि पाण्यात सोडल्यावर तर आंधळ्यालाही कळेल, नुसतं कोमट..."

तिची पेन्सिल थांबली होती. मी बोलत होते आणि ती माझं बोलणं लिहून घेत होती, विद्यार्थिनीसारखी, आणि 'यावेळी' या शब्दाशी पेन्सिल थांबली होती.

टेबलावरचा पंखा वहीचं पान उचलत होता आणि खाली पाडत होता. तिने मान वर केली. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडली असती तर फार बरं झालं असतं. मीही चार शब्द सुनावले असते.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. एवढंच.

"हो."

"तुम्हाला तेव्हाच..."

"हो."

"का वहिनी?"

काय सांगणार? की तुझं अक्षर चांगलं आहे? की माझी लेक तुझ्या खोलीत बसते? की ते दहा किलो तुला सापडले आणि मला एकोणीस वर्षांत सापडले नाहीत? सगळं किती चिल्लर होतं!

ती उठली. वही तिने उघडीच ठेवली, मिटली नाही. प्रत्येक बॅचला तिने एक पान आखलेलं असतं. वर ऑक्साइड, ॲसिड, पाणी. मग अपेक्षित माल, मिळालेला माल, फरक. सगळं भरलेलं होतं. तळाला शेवटचा रकाना, फरकाचं कारण. तो कोरा होता.

"उद्या शनिवार, बाबा वही बघतील," ती म्हणाली. "इथे मी 'ॲसिड तपासलं नाही' असं लिहिणार होते. ते खरंच आहे. पण हिशेब तेवढ्याने पुरा होत नाही." ती दारापर्यंत गेली, थांबली. "मी नाही सांगणार त्यांना. तुम्हाला वाटेल ते लिहा."

आणि गेली. कुणावर उपकार करायचे ते तिलाच शोभतं बाई, त्याचाही मला हेवा वाटला. खरंच वाटला. तिच्या जागी मी असते तर त्याच संध्याकाळी घरभर डंका पिटला असता.

मी तिच्या खुर्चीवर बसले. पेन्सिल अजून कोमट होती. 'ॲसिड पातळ होतं' एवढं लिहिलं असतं तर ते खोटं नव्हतं. पुरवठादाराच्या माथी गेलं असतं, खडू खिशातच राहिला असता, आणि सोमवारी मी फळ्यावर माझा आकडा लिहिला असता. मग तिच्या नजरेसमोर मला तो फळा रोज वाचावा लागला असता.

मी लिहिलं, 'ॲसिड पातळ होतं. ओतणारीला ओततानाच कळलं होतं. विचारलं तरी सांगितलं नाही.' खाली सही केली. रकाना लहान होता, शेवटचे शब्द रेघेबाहेर गेले.

पंख्याने पान पुन्हा उचललं. मी खिशातून खडू काढला आणि पान उडू नये म्हणून त्यावर ठेवला. मग वही तशीच उघडी सासऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. वर तिचं अक्षर, खाली माझं. तिचंच चांगलं होतं.